मंडईला आमची हरकत

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तिथे कारंजं होतं आणि कारंज्याशेजारून एक गोरी बाई कुत्र्याला घेऊन फिरत होती. आम्ही राहायला आलो तेव्हा कारंजं नव्हतं, बाईही नव्हती. कुत्रे मात्र भरपूर होते. पुढे तिथे गाड्या लागायला लागल्या, गणपतीत मांडव पडायला लागला, आणि हळूहळू सगळ्यांनी मनातल्या मनात तो प्लॉट आपलाच धरला. तो कुणाचा आहे, हा प्रश्न विचारणं शेजाऱ्याला त्याचं वय विचारण्याइतकं असभ्य वाटायचं.

आमचा भाग कोलशेतच्या अंगाचा, खाडीपासून फार लांब नाही. टॉवर यायच्या आधीपासूनचं एक जुनं गाव पलीकडे आहे आणि त्या गावातल्या एक मावशी आमच्या गेटाशी मासळी घेऊन बसतात. मोठी रंगीत छत्री, खाली पाटी, पाटीत बर्फ, आणि बर्फावर त्या दिवशी समुद्राने आणि खाडीने जे दिलं असेल ते. मी डोंबिवलीत वाढलेली, पण मूळ कोकणातली. नवरा कराडकडचा. लग्न झाल्यावर त्याला मटणातून मासळीकडे आणायला मला बरीच वर्षं लागली. त्यातलं निम्मं श्रेय या मावशींचं.

सोसायटीच्या अध्यक्षांचं मात्र मावशींशी वाकडं. अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कुठल्याशा सत्संगाला जायला लागले आणि मांस-मासे सोडले. माणसाने एखादी वस्तू सोडली की तिचा वास त्याला आधीपेक्षा जास्त यायला लागतो, असा माझा अनुभव आहे. मावशींची पाटी उघडली की अध्यक्षांना चौथ्या मजल्यावर कळायचं. त्यांनी वॉचमनला सांगून पाहिलं, गेटवर 'फेरीवाल्यांना मनाई' अशी पाटी लावून पाहिली. मावशींनी त्याच पाटीला छत्रीचा दांडा बांधला.

अशात एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नकाशा आला. शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, कुठे घरं, हे महापालिका कागदावर मांडते आणि नागरिकांना म्हणते, बघा, काही हरकत किंवा सूचना असेल तर मुदतीत कळवा. नकाशा पिवळा, निळा, हिरवा, त्यावर आकडे आणि रेघा. मोबाईलवर बोटांनी ताणताणून लोकांनी आपापलं घर शोधलं. एका गृहस्थांना आपण खाडीत राहतो असं वाटून घाम फुटला. मग कळलं, त्यांनी नकाशा उलटा धरला होता.

संध्याकाळी अध्यक्षांनी क्लब हाऊसमध्ये तातडीची सभा लावली. टीव्हीवर नकाशा मोठा करून दाखवला. आपला मागचा प्लॉट, त्याच्याभोवती जाड रेघ, आणि आत लिहिलेलं: मासळी मंडई.

"मासळी बाजार!" अध्यक्ष म्हणाले. "आपल्या खिडक्यांखाली!"

सभेत हाहाकार झाला. कुणी म्हणालं, माश्या येतील. कुणी म्हणालं, फ्लॅटचे भाव जातील. कुणी म्हणालं, मांजरी. त्यावर एक लहान मुलगी "ये!" असं आनंदाने ओरडली, तिला तिच्या आईने गप्प केलं. अध्यक्षांनी ठराव मांडला की सोसायटीतर्फे या आरक्षणाला तीव्र हरकत घ्यावी आणि त्या जागी बाग आणि जॉगिंग ट्रॅक मागावा. "सगळ्यांची संमती?" सगळे हात वर गेले. माझाही.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "तुझी खरंच हरकत आहे?"

"छे! मला तर आवडेलच."

"मग हात कशाला वर केलास?"

"सगळ्यांनी केला रे. एकटीचा खाली कसा ठेवणार? तूही केलास की."

"मी पंखा कमी करा म्हणून सांगत होतो," तो म्हणाला.

रविवारी आम्ही डोंबिवलीला वडिलांकडे गेलो. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, बोलणं अगदी शुद्ध आणि संथ. त्यांना मी आराखड्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या चाळीमागेही आराखड्यात बाग आहे. तू शाळेत होतीस तेव्हापासून आहे. मी रोज तिथे फिरायला जातो, कागदावर." आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "पण तेव्हा कुणी हरकत कळवली नाही, आणि बाग कधी करणार असंही विचारलं नाही. तुला मंडई हवी असेल तर तसं लिहून दे. मागणाऱ्याला मिळतंच असं नाही, पण न मागणाऱ्याला हमखास मिळत नाही."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मधल्या सुट्टीत आराखडा लावला होता तिथे गेले. मोठ्या दालनाच्या भिंतींवर नकाशे टांगलेले आणि त्यापुढे देवदर्शनासारखी गर्दी. लोक एकमेकांच्या खांद्यावरून आपलं घर शोधत होते. एक गृहस्थ फारच खुशीत दिसले. मी विचारलं, "तुमच्या इथे बाग आलीय का?" ते म्हणाले, "नाही हो, मेव्हण्याच्या बिल्डिंगमधून रस्ता गेलाय." त्यांनी रस्त्याचा फोटोही काढून घेतला.

आमचा प्लॉट मला भिंतीवरच्या नकाशात सापडला, आणि तिथे मी चाट पडले. त्यावर लिहिलं होतं: मंडई (भाजी व मासळी). अध्यक्षांनी टीव्हीवर नकाशा इतका मोठा केला होता की भाजी स्क्रीनच्या बाहेर गेली होती.

मी तिथेच कोपऱ्यात बसून अर्ज लिहिला. मंडई व्हावी, छप्पर असावं, पाण्याचा निचरा नीट असावा, सांडपाणी खाडीत सोडू नये, आणि बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह असावं. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "हरकत की सूचना?"

"हरकत नाही, अशी सूचना," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "मॅडम, हरकत नसेल तर कुणी येत नाही इथे."

"मी आलेय ना."

त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग शेजारच्याला म्हणाला, "अरे, या मॅडमना आपला आराखडा आवडलाय." शेजारच्याने उभं राहून मला पाहिलं. शेवटी माझा अर्ज सूचनांच्या गठ्ठ्यात गेला.

मी हे सोसायटीत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लिफ्टमध्ये अवघड झालं असतं. मावशींना तेवढं सांगितलं, कारण मला वाटलं त्या खूश होतील. त्या बोंबील साफ करत होत्या. "बाजार करतान काय?" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत बोंबील टाकले. नेहमी वर दोन जास्त टाकायच्या, त्या दिवशी टाकले नाहीत. माझ्या ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मध्ये बरेच महिने गेले. मग सुनावणीचं बोलावणं आलं. ज्यांनी हरकती-सूचना दिल्या होत्या त्यांना नियोजन समितीपुढे येऊन म्हणणं मांडायचं होतं. अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, "मी आणि सेक्रेटरी सोसायटीची बाजू मांडायला जात आहोत. इतर सभासदांनी तसदी घेऊ नये." खाली अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठ्यासोबत हात जोडलेलेही टाकले. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शेजारी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातेय.

सुनावणीच्या दालनाबाहेर लांब व्हरांडा होता. त्यात बाकं, आणि पहिल्याच बाकावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू थर्मासातला चहा पीत बसलेल्या. काकू कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, पुण्याच्या, पक्क्या शाकाहारी, आणि भाषा अशी की ऐकणाऱ्याने आपोआप ताठ बसावं.

"तू इथे कशी?" त्यांनी विचारलं.

"दात दाखवायला आलेले," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठले? खायचे की दाखवायचे?"

मला हसू आवरेना. मी त्यांच्या शेजारी बसले. "आणि तुम्ही काकू? तुमची तर हरकतच असणार."

"हरकत कसली? मला मंडई हवी आहे. त्या अॅपवरून पालक मागवते, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुदमरलेला येतो. भाजी हाताळून घ्यायची असते. नकाशात स्वच्छ लिहिलं आहे, भाजी व मासळी. आपल्या अध्यक्षांनी भाजी गिळून टाकली."

"पण मासळीचं काय?"

"मासळी तुम्ही खा. मी नाकाला पदर लावीन. तोवर मला ताजी मेथी मिळाल्याशी कारण."

एवढ्यात बी विंगमधले शिक्षक आले. आम्हाला पाहून ते सरळ मागे वळले, पण काकूंनी हाक मारली. त्यांना मंडईच्या वर मुलांसाठी अभ्यासिका हवी होती, तशी सूचना त्यांनी दिली होती. सभेत हात का वर केला, असं विचारल्यावर ते म्हणाले, "अहो, वर्गात मी मुलांना सांगतो हात वर करा. सवय असते." मग पार्किंगवरून कायम भांडणारे दोघं एकत्र आले, मंडईखाली पार्किंगचं तळघर मागायला. त्यांना एकत्र बघून मला पहिल्यांदा या देशातल्या नियोजनावर विश्वास वाटला. आणि व्हरांड्याच्या टोकाला खांबाआड एक बाई तोंडाला मास्क लावून उभ्या होत्या. मास्क नाकापर्यंत, त्यावर गॉगल. मला त्यांची साडी ओळखीची वाटली, पण नाव लागेना.

अध्यक्ष आणि सेक्रेटरी आले तेव्हा दालनाचं दार उघडलं आणि शिपायाने पुकारा केला: मंडईच्या आरक्षणाबद्दल ज्यांचं म्हणणं आहे ते सगळे एकदमच आत या. अध्यक्ष फाईल सावरत, कुणाकडे न बघता पुढे गेले. मागे वळून बघतात तर अर्धी सोसायटी. क्षणभर ते थबकले, आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची दयाच आली. समितीपुढे जाऊन ते भरल्या आवाजात म्हणाले, "बघा साहेब, मी सांगितलं होतं येऊ नका, तरी माझे सभासद पाठीशी उभे राहिलेत."

सेक्रेटरी छताकडे बघायला लागला.

समितीत चारदोन पुरुष होते, पण सूत्रं होती मधल्या बाईंच्या हातात. केस पांढरे, आवाज दमलेला, नजर मात्र तीक्ष्ण. सकाळपासून त्यांनी काय काय ऐकलं असेल देव जाणे. त्यांनी अध्यक्षांना बोलू दिलं. अध्यक्ष छान बोलले. वास, आरोग्य, ज्येष्ठ नागरिक, मोकळी हवा, सगळं आलं. शेवटी म्हणाले, "संपूर्ण सोसायटीचा एकमुखी विरोध आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "आता या काकूंचं."

काकू उठल्या, मेथीपासून सुरुवात केली आणि नागरी जीवनात मंडईचं स्थान इथवर गेल्या. त्यांना आवरावं लागलं. मग शिक्षक. मग पार्किंगवाले दोघं, एकमेकांचं वाक्य पूर्ण करत. मग मी. मी अध्यक्षांकडे न बघता भराभर बोलले आणि खाली बसले. अध्यक्षांच्या हातातली फाईल प्रत्येकागणिक थोडी थोडी खाली येत होती. त्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरी म्हणाला, "सर, माझं काही नाही. मिसेसने टाकलंय एक ऑनलाईन."

"अजून कोणी?" बाईंनी विचारलं.

मास्कवाल्या बाई पुढे आल्या. त्यांनी गॉगल काढला, मग मास्क, आणि अध्यक्षांच्या तोंडून अस्फुट "अगं!" निघालं. त्यांची बायको होती. सकाळीच त्या खडवलीला बहिणीकडे जाते म्हणून घरातून निघालेल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या. साहेब म्हणजे समितीच्या बाई. "आमच्या घरात मासे बंद झाले. त्याला माझी तक्रार नाही, त्यांचं त्यांचं व्रत आहे. पण मी कोकणातली. मला शिजवायला नाही, तरी बघायला मासे लागतात. यांच्या फेरफटक्याच्या वेळेत मी गेटाशी जाते, पाटीपाशी उभी राहते, भाव विचारते आणि परत येते. मंडई झाली तर मला तिथे जरा आरामात फिरता येईल. एवढंच."

समितीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "नुसतं बघता?"

"कधी कधी सुकट घेते," अध्यक्षांची बायको खालच्या आवाजात म्हणाली. "पण ते तुम्ही लिहू नका."

त्यानंतर शिपायाने बाहेर जाऊन यादीत उरलेलं शेवटचं नाव पुकारलं आणि उशिराने आत आल्या गेटावरच्या मावशी. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली, गळ्यात सोनं. इतकी वर्षं मी त्यांना पाटीमागे बसलेलंच बघितलं होतं. उभ्या राहिल्या की त्या अध्यक्षांपेक्षा उंच दिसतात, हे त्या दिवशी कळलं. आता मंडईची बाजू भक्कम झाली, असं म्हणून मी काकूंना कोपराने खुणावलं. अध्यक्षांनी तर फाईल मिटूनच टाकली.

"माजी हरकत हाय," मावशी म्हणाल्या.

बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कशाला हरकत? मासळी बाजाराला?"

"हां. नको मना बाजार. आता गेटावर मी एकटी बसतंय. बाजार केलाव का कुठनं कुठनं येतील बसायला. ट्रकाचा, धा-धा दिस बर्फात ठेवलेला, शिळा माल आनतील नि स्वस्तात घालतील. माजं गिऱ्हाईक जाईल. हे साहेब बोलतान ते बरोबर हाय, बाग करा तिकडं." आणि त्यांनी अध्यक्षांकडे बोट दाखवलं.

मला माझ्या पिशवीत न आलेले ते दोन बोंबील आठवले.

समितीच्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे मासे न खाणाऱ्या काकूंना मंडई हवी. मासे विकणाऱ्या मावशींना नको. एकमुखी विरोध करणाऱ्यांपैकी अध्यक्ष सोडून सगळ्यांचा पाठिंबा." त्यांनी आमच्यावरून सावकाश नजर फिरवली. "तुमच्या सोसायटीत कोणी कोणाशी बोलतं का हो?"

एक पार्किंगवाला "भांडतो," म्हणाला.

मग त्या मावशींकडे वळल्या. "आणि इथे आधीपासून बसणाऱ्यांना ओटे आधी द्यावेत, असं आम्ही सुचवलं तर? मग चालेल का मंडई?"

"लिवून देताव?"

"मी शिफारस लिहू शकते. पुढे सरकारकडे जाईल, मग मंजुरी."

"बाय," मावशी समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "शिफारशीवर मासा ठेवता नाय येत." पण खाली बसल्या, आणि बसताना "लिवा तरी" म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा सगळ्यांनाच घाई झाली होती. शिक्षक स्कूटरवरून सटकले, पार्किंगवाले दोघं एकाच रिक्षात बसून गेले, सेक्रेटरीला अचानक ऑफिसचा कॉल आला. अध्यक्षांनी गाडी काढली. बायको पुढे बसली. सभ्यपणापोटी त्यांनी काकूंना आणि मलाही विचारलं, आणि आम्ही सभ्यपणापोटीच हो म्हटलं. गाडी निघणार इतक्यात खिडकीवर टकटक झाली.

"घराकडंच चाललाव ना?" मावशींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार उघडून माझ्या शेजारी बसल्या. "साहेब, आता तुमी नि मी एका पार्टीतले."

त्या दिवशी मावशी न्हाऊन, अबोली माळून आलेल्या. वास येत असलाच तर फुलांचा. तरी अध्यक्षांनी सवयीने काच खाली केली.

घोडबंदर रोडला लागलो आणि गाडी थांबली. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला मेट्रोचे पत्रे. तिथे एकदा अडकलं की माणसाला स्वतःच्या आयुष्याचा विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं. बराच वेळ नुसता इंडिकेटर टिकटिकत होता, तोही उगाच, कारण वळायला कुठेच जागा नव्हती.

शेवटी अध्यक्ष पुढे बघतच म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस."

"तुम्ही विचारलंत कधी?" बायको म्हणाली. "महापालिकेने विचारलं. पेपरात छापून विचारलं, मुदत दिली, पुन्हा बोलावून ऐकून घेतलं. घरात तुम्ही एक दिवस येऊन सांगितलंत, उद्यापासून मासे बंद. हरकती-सूचनेला एक दिवस तरी द्यायचा."

काकू खिडकीबाहेरचे मेट्रोचे पत्रे वाचायला लागल्या. मी माझ्या पर्सची चेन उघडली आणि लावली, उघडली आणि लावली. मावशींना मात्र असला संकोच नव्हता. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "साहेब आदी दर रविवारी यायचे माज्याकडं. कल्ले उघडून बघायचे पापलेटाचे. लई पारखी मानूस. गिऱ्हाईक गेलं याचा मना राग नाय, पन पारखी गिऱ्हाईक गेलं."

ट्रक थोडा सरकला, आम्ही थोडे सरकलो.

"पापलेट नाही," ते एकदम म्हणाले. "सुरमई. पापलेट मी पाहुण्यांसाठी घ्यायचो."

आधी त्यांची बायको हसली. मग मावशी, मग काकू, ज्यांना दोन्हीतला फरक ठाऊक असणं शक्यच नव्हतं. अध्यक्ष हसले नाहीत, पण तिथून पुढे सुरमईचा तुकडा केवढ्या जाडीचा असावा यावर त्यांनी आणि मावशींनी असा वाद घातला की गेट कधी आलं कळलं नाही. उतरताना त्यांनी मावशींसाठी दार उघडून धरलं. वॉचमन बघतच राहिला.

समितीच्या अहवालानंतर आराखड्यात जे बदल झाले ते काही काळाने प्रसिद्ध झाले. आमच्या प्लॉटवर रस्त्याच्या बाजूला मंडई राहिली, वर अभ्यासिका, आणि मागच्या अंगाला बागेची एक पट्टी आली. अध्यक्षांनी पट्टी दाखवून विजय जाहीर केला, आम्ही मंडई दाखवून. पार्किंगचं तळघर मिळालं नाही, त्यामुळे ते दोघं परत भांडायला लागले. प्रत्यक्षात प्लॉटवर अजून एक वीटही लागलेली नाही. पण गाड्या लावताना लोक आता "तिकडे नको, ती मंडईची बाजू" असं म्हणायला लागलेत.

अध्यक्षांचं व्रत चालू आहे. फक्त आठवड्यातून एकदा ते सकाळचा फेरफटका जरा जास्तच लांब करतात आणि निघताना बायकोला किती वाजता परत येणार ते सांगतात. परतल्यावर दाराशी मोठ्याने खाकरतात. हे मला त्यांच्या बायकोनेच लिफ्टमध्ये सांगितलं, सुकटीची पुडी पदराआड धरून. सोसायटीच्या सभेत मात्र अध्यक्षांनी हात वर करण्याची पद्धत बंद केली. आता ते प्रत्येकाला नाव घेऊन विचारतात. परिणामी लिफ्टच्या रंगावरची सभा अजून संपायची आहे. काकूंना मोतिया रंग हवा आहे आणि त्या मुद्देसूद बोलतात.

बदललेला नकाशा आला त्या दिवशी मी गेटावर मावशींना मोबाईलवर दाखवला. त्यांनी ओला हात लुगड्याला पुसला, मोबाईल घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"माजा ओटा कुठं?"

"मावशी, नकाशात ओटे दाखवत नाहीत. नुसती जागा दाखवतात."

"मंजे कुनाचाच ठरला नाय?"

"नाही."

त्यांनी नकाशा नीट न्याहाळला. रस्ता कुठून येतो ते विचारलं, बसस्टॉप कुठे ते विचारलं, आमच्या सोसायटीचं गेट कुठलं ते विचारलं. मग मंडईच्या चौकोनाच्या अगदी कोपऱ्यावर, जिथून येणाराजाणारा प्रत्येक माणूस आधी दिसेल तिथे, त्यांनी नख टेकवलं. स्क्रीनवर एक खवला चिकटून राहिला, चांदीसारखा चकचकीत.

"हा माजा," त्या म्हणाल्या. "आता बाकीचे ओटे कुनाला वाटायचे ते वाटू दे." आणि माझ्या पिशवीत मांदेली मोजताना हात सैल सोडला.